केतकीच्या फोटोतली बाई

माझ्या मुलीच्या लहानपणचा अल्बम उघडला की पानापानावर एक बाई भेटते. बालवाडीच्या गॅदरिंगला केतकी मोर झाली आहे, पिसारा एका अंगाला कललाय, आणि तो सरळ करायला फोटोच्या कडेतून एक हात आत आलाय. हातात मनगटाच्या वरपर्यंत हिरव्या बांगड्या. चौथीच्या बक्षीस समारंभात केतकीच्या हातात कप आहे आणि तिच्या खांद्यावर तोच हात. सहलीहून बस परत आली तेव्हा, पहिल्यांदा सायकल चालवली तेव्हा, दहावीच्या निकालाचे पेढे वाटताना, सगळीकडे तीच. ती बाई मी नाही. ती बेबीताई घरत, आमची तळमजल्यावरची शेजारीण. त्या प्रत्येक वेळी मी दोन मजले वर, आतल्या खोलीत, पडदे ओढून आणि डोळ्यांवर ओला रुमाल टाकून पडलेली असायचे.

बेबीताई गेली त्याला आता वर्ष होईल. तिला पोचवायला कामोठ्यातलं अर्धं गाव आलं होतं म्हणतात. म्हणतात असं लिहितेय, कारण त्या दिवशीही माझं डोकं उठलं होतं आणि मी नव्हते. केतकी गेली होती. लोक भेटले की म्हणतात, नशीबवान हो तुम्ही, असा शेजार मिळाला. मी मान हलवते. खरं सांगायचं तर मी आयुष्यात कोणाचा इतका हेवा केला नाही जितका त्या बाईचा केला. तोंडावर मी तिला अहो-जाहो करत असे, मनात मात्र पहिल्या दिवसापासून एकेरीच. हेवा काही अहो-जाहो करून करता येत नाही.

आम्ही कामोठ्यात राहायला आलो तेव्हा केतकी तीन वर्षांची होती. पहिलं स्वतःचं घर. वास्तुशांतीची तयारी मी महिनाभर करत होते. अगदी पाहुण्यांच्या पत्रावळी मोजून ठेवल्या होत्या. त्या दिवशी सकाळी नव्या रंगाचा वास, होमाची लाकडं, माणसांची गर्दी, आणि गुरुजींनी संकल्पाला सुरुवात करायच्या आत माझ्या डाव्या डोळ्याच्या कडेला चमचमती करवत दिसायला लागली. माझी अर्धशिशी अशीच येते. आधी ती करवत, मग अर्धं डोकं कोणीतरी आवळत नेतं, मग उलट्या, आणि मग एक-दोन दिवस नुसता काळोख. मी आत जाऊन पडले. गुरुजींना असल्या अडचणी नव्या नव्हत्या. त्यांनी सुधीरच्या, म्हणजे माझ्या नवऱ्याच्या, कमरेला एक सुपारी खोचायला लावली. सुपारी खोचली की पत्नी शेजारी बसली असं धरतात. माझ्या पहिल्या घराची पूजा माझ्या जागी एका सुपारीने केली.

आमची इमारत घरतांच्या जागेवर उभी होती. घरत मूळ गावातले आगरी. आजोबांच्या वेळेपर्यंत त्यांची मिठागरं होती. पुढे जमिनी सरकारने घेतल्या, बदल्यात प्लॉट मिळाला, बिल्डरने त्यावर सात मजले चढवले आणि तळमजला घरतांकडे राहिला. त्या नात्याने बेबीताई पूजेला आली. पिवळीधमक साडी, मोगऱ्याचा गजरा, आणि आवाज असा की मला आतल्या खोलीत शब्दन्‌शब्द ऐकू आला.

"ही सुपारी कशाला? याची बायको मेली काय?"

सासूबाई घाईघाईने म्हणाल्या, "अहो नाही, आत झोपलीय. डोकं दुखतंय तिचं."

"मंग जिती हाय ना? जित्या बायकोची सुपारी करतात काय गो?"

आणि ती सरळ आत आली. तिच्याबरोबर मोगरा आत आला, बांगड्यांचा खळखळाट आला, आणि मी पलंगाखालच्या बादलीत ओकले. ती तशीच बाहेर गेली. परत आली तेव्हा डोक्यात गजरा नव्हता आणि एका हाताने दुसऱ्या हातातल्या बांगड्या तिने घट्ट धरल्या होत्या. तिने बादली धुऊन आणली, पलंगाशी जमिनीवर बसली आणि हळू आवाजात मला विचारलं, "डोकं दुकतं म्हंजे कसं दुकतं गो वयनी? माजं कदी दुकलंच नाय."

चेष्टा नव्हती ती. खरंच विचारत होती. पोटदुखी, दाढदुखी, बाळंतपण तिला माहीत होतं, डोकेदुखी माहीत नव्हती. लग्नाआधी ती बापाच्या मिठागरावर राबलेली. याच डोक्यावर मिठाच्या पाट्या वाहिल्या, असं ती टाळूवर थाप मारून सांगायची. पाट्या वाहून तिचं डोकं शाबूत, आणि माझ्या डोक्याला ट्यूबलाइट सोसेना. तेव्हापासून मी तिच्या डोक्यावर डोळा ठेवून होते असं म्हटलं तरी चालेल.

त्या दिवसानंतर तिने एक शिस्त स्वतःला लावून घेतली आणि कधी मोडली नाही. माझ्याकडे येताना गजरा दाराबाहेरच्या कडीला अडकवायचा, आणि आत पाऊल टाकायच्या आधी बांगड्या मुठीत धरायच्या. माझं डोकं ठीक असलं तरी. मी स्वयंपाकघरात ठणठणीत उभी असले तरी बाई चोरासारखी बांगड्या धरून यायची. कितीदा सांगितलं, "अहो, आज बरी आहे मी." तर म्हणे, "तुजं काय, आता बरी, मंग नाय."

दुसरं म्हणजे, तिने मला कधी उपाय सांगितला नाही. हे फक्त अर्धशिशीवाल्या माणसालाच कळेल. मला भेटणाऱ्या प्रत्येकाकडे उपाय असतो. जायफळ उगाळा, नाकात तूप सोडा, पहाटे उठून जिलबी खा, कमी विचार करा. बेबीताईने एवढ्या वर्षांत एकदाही म्हटलं नाही की वयनी, हे करून बघ. मी त्या काळात घरी गणिताच्या शिकवण्या घेत होते. माझा दिवस वाईट असला की ती तळमजल्याच्या पायरीवर बसून मुलांना परत पाठवायची. "आज म्याडमला डोकं हाय. जावा घरी." दुखतंय वगैरे नाही, नुसतं डोकं हाय. पाहुणा आलाय तशा सुरात. मुलं अर्थात खूश व्हायची. कामोठ्याच्या सेक्टरभर माझी ओळख डोकंवाल्या मॅडम अशी झाली ती तिच्यामुळेच.

केतकीच्या पहिल्या गॅदरिंगला मी जाणारच होते. मोराचा पिसारा मी स्वतः शिवला होता. दुपारी तीन वाजता करवत दिसली. सुधीर तळोज्याला कंपनीत, सेकंड शिफ्ट. बेबीताईने केतकीला कडेवर घेतलं, पिसारा काखेत मारला आणि रिक्षाने शाळेत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती सांगायला आली. पुढे वर्षानुवर्षं चाललेल्या रिवाजाची ती सुरुवात. पलंगाशी जमिनीवर बसायची, पाठ भिंतीला, आणि अंधारात हळू आवाजात सुरुवातीपासून सांगायची. एरवी तिचा आवाज गच्चीवरून बाजारापर्यंत जाई. माझ्या खोलीत मात्र असं बोलायची की पाणी ओतल्यासारखं कानात उतरायचं. फाटकाशी कोण उभं होतं, मुख्याध्यापिकाबाईंचा ब्लाउज कसा मागून उसवला होता, कुठला ससा रडला, कुठल्या सिंहाला शू लागली, काही सोडायची नाही.

"मंग आपली केतकी आली. आली नि उभीच. गाना चालू जाला तरी नाचंचना. पयलं तिनं तुला शोधलं. या टोकापासून त्या टोकापर्यंत बगितलं. तू नाय दिसलीस. मंग मी हात केला. मंग नाचली."

मी उशीत तोंड घालून रडले. डोकं आणखी दुखलं, पण त्या रडण्यात सुखही होतं. पोरीने मला शोधलं होतं.

यानंतर मी गैरहजर असलेला प्रत्येक प्रसंग मला तिच्या तोंडून मिळाला आणि प्रत्येकात ते वाक्य आलं. सायकलवरून पयली फेरी मारली नि वर तुज्या खिडकीकडं बगितलं. सहलीच्या बसमदून उतरली नि पयलं तुला शोधलं. मी त्या वाक्याची वाट बघायचे. आणि ते ऐकलं की लगेच हेव्याने जळायचे, कारण शोधलं मला असेल, पण सापडली कोण? सापडली बेबीताई. घामाने भिजलेली पोर बिलगली कोणाला? पदराने तोंड पुसलं कोणी? माझ्या वाट्याला बातमी आणि तिच्या वाट्याला पोर.

तिच्या थोरल्या मुलाच्या हळदीची गोष्ट अजून कामोठ्यात सांगतात. आगऱ्यांची हळद म्हणजे काय ते इथल्या माणसाला सांगायला नको. बेंजो, ढोल, भिंती हादरवणारे स्पीकर. मी नवी साडी इस्त्री करून ठेवली होती. साडी तशीच राहिली. संध्याकाळी हळदीची मिरवणूक नाचत नाचत आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली आणि बेबीताई, नवऱ्या मुलाची आई, हळदीने माखलेले दोन्ही हात वर करून बेंजोवाल्यांच्या पुढ्यात उभी राहिली.

"बंद करा! इथून त्या खांबापर्यंत कोन वाजवणार नाय. वरती माजी वयनी झोपलीय."

तीनशे माणसं आमच्या खिडकीखालून गुपचूप चालत गेली. मला वाटलं हळद संपली. तेवढ्यात खांबापलीकडून असा दणका उडाला की राहिलेलं सगळं वसूल केलं त्यांनी. केतकी त्या गर्दीत कोणाच्यातरी खांद्यावर बसून नाचत होती म्हणे. लोक हे सांगताना गहिवरतात. मला त्या वेळी काय वाटलं सांगू? मुलाच्या हळदीत सगळ्यांसमोर दोन हात वर करून उभं राहणारं असं डोकं मला का नाही, हेच वाटलं.

चौथीच्या बक्षीस समारंभाचा तो फोटो शाळेने मोठा करून व्हरांड्यात लावला होता. खाली सुबक अक्षरात लिहिलेलं: आदर्श विद्यार्थिनी व तिच्या मातोश्री. पालकसभेला गेले तेव्हा मी तो पाहिला. शिपायाला विचारलं तर म्हणाला, "मॅडम, त्याच तर येतात ना दर वेळी." घरी येऊन केतकीला विचारलं, "तू बाईंना सांगितलं नाहीस, त्या तुझी आई नाहीत म्हणून?"

केतकी दप्तर आवरत होती. म्हणाली, "सांगणार होते. पण मग कोणी विचारलं असतं, तुझी आई कुठेय, तर तेच तेच परत सांगायला लागलं असतं."

मी तिला मारलं नाही, ओरडले नाही. बेबीताईशी मात्र आठ दिवस बोलले नाही. तिला कारण कळलं नाही. ती रोज बांगड्या धरून यायची, मी झोपेचं सोंग घ्यायचे, ती पाय न वाजवता परत जायची. नवव्या दिवशी मीच हाक मारली. सोंग करूनसुद्धा डोकं दुखतं.

मी मुद्दाम वाईट वागले ती एक वेळ मात्र मला विसरता येत नाही. केतकी कबड्डी खेळायला लागली होती. हेही बेबीताईचंच देणं. गावच्या मैदानावर पोरींना जमवून ती स्वतः पदर खोचून चढाई शिकवायची. अकरावीत केतकीच्या कॉलेजचा संघ पनवेलला स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोचला. मी ठरवलं, या वेळी मी. केतकीला बजावलं, बेबीमावशीला दिवस सांगायचा नाही, आई येणार आहे, गर्दी नको. पोर नुसतं "बरं" म्हणाली. मी दोन गोळ्या घेतल्या, काळा चष्मा लावला, टोपी घातली आणि भर दुपारी मैदानाच्या कडेला खुर्ची टाकून बसले.

पहिला अर्धा तास मी जगातली सगळ्यात सुखी बाई होते. केतकीला मी पहिल्यांदाच खेळताना पाहत होते. काय चपळ होती! मग शिट्ट्या, ऊन, पांढऱ्या फक्कीच्या रेषा, आणि त्या रेषांवरूनच करवत चालत आली. मी उठायला गेले आणि खुर्चीसकट पडले. केतकी त्या वेळी समोरच्यांच्या अंगणात होती, चढाईवर. तिचा दम चालू होता. तिने मला पडताना पाहिलं आणि ती थांबली. दम सुटला. पंचांनी बाद दिलं. संघ दोन गुणांनी हरला. ती कपासाठी रडली नाही, मला रिक्षात घालून घरी आणताना माझं डोकं मांडीवर धरून बसली होती, एवढंच. मला कोणी बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेबीताई आली. गजरा कडीला, बांगड्या मुठीत. मला वाटलं आता विचारेल, मला का नाय सांगितलंस? ती पाठ भिंतीला लावून बसली आणि तिने मला सामना सांगितला. मैदानावर मी होते, ती नव्हती! सकाळी उठून संघातल्या सहा पोरींच्या घरी जाऊन तिने तो गोळा केला होता. मी पडल्यानंतरचा भाग, जो मला माहीत नव्हता, तो सगळा सांगितला. केतकीच्या त्या शेवटच्या चढाईचं नाव काढलं नाही. आणि शेवटी म्हणाली, "पोरी सांगत व्हत्या, मैदानात उतरली तवा केतकीनं पयलं तुलाच शोधलं. नि तू व्हतीस." मी भिंतीकडे तोंड केलं.

पुढे केतकी शिकली, नोकरीला लागली. बेबीताईचा नवरा गेला, पण हिरव्या बांगड्या तिने उतरवल्या नाहीत. धाकट्याने उलव्याला फ्लॅट घेतला आणि आईला तिकडे नेलं. माझी अर्धशिशी वयाबरोबर थोडी नरमली, महिन्यातून सहा दिवसांवरून दोनावर आली. केतकीचं लग्न ठरलं आणि लग्नाला एक महिना असताना बातमी आली, बेबीताई बाथरूममध्ये पडली, खुब्याचं हाड मोडलं, ऑपरेशन झालं, तीन महिने पलंग.

मला बरं वाटलं. हे लिहायची लाज वाटते, पण लिहायचं तर खरं लिहावं. मी "अरेरे" म्हटलं, डब्यातून सूप पाठवलं, आणि मनात आलं, या एका दिवशी तरी फोटोत मी असेन.

त्याच आठवड्यात माझ्या भाच्याने लग्नात दाखवायला केतकीच्या जुन्या व्हिडिओ कॅसेट संगणकावर चढवून आणल्या. बालवाडीच्या गॅदरिंगचीही होती. शाळेने प्रत्येकाला दिलेली ती कॅसेट मी कधी लावलीच नव्हती, टीव्हीचा उजेड आणि तो गोंगाट सोसणार नाही म्हणून. आता लावली. मोर आला. पिसारा कललेला. मोराने एका क्षणाचाही विचार न करता समोर पाहिलं, हिरव्या बांगड्यांचा हात वर झाला, पोरीच्या तोंडावर दिवाळी पसरली आणि ती नाचायला लागली. मी मागे नेऊन पुन्हा पाहिलं. पाच वेळा पाहिलं. केतकीने कोणाला शोधलं नव्हतं. या टोकापासून त्या टोकापर्यंत तर मुळीच नाही. तिला जी हवी होती ती समोर बसली होती.

म्हणजे गॅदरिंगचं ते खोटं. मग सायकलचं? बसचं? एवढी वर्षं मी ज्या एका वाक्यावर जगले ते बेबीताई जिना चढताना तयार करत असणार. मला तिचा राग आला. तिने मला दया दाखवली याचा आला, आणि पोरही तिचीच आणि मनाचा मोठेपणाही तिचाच, मला काही उरलंच नाही, याचा जास्त आला.

लग्न पनवेलच्या हॉलमध्ये, मुहूर्त सकाळचा. बँड नाही, अत्तर नाही, मोठे दिवे नाहीत. सगळं माझ्या डोक्याला विचारून ठरलेलं. पुण्याहवाचनाला मी सुधीरच्या शेजारी बसले. सुपारी नको, गुरुजी, मी स्वतः आहे. डोकं शांत होतं. मग मंगलाष्टकांची वेळ झाली आणि नणंदबाई माझ्या कानाशी आल्या.

"वहिनी, चला, तुळशीला पाणी घालायचं ना?"

मुलीच्या आईने मंगलाष्टकं ऐकायची नाहीत, तेवढा वेळ तुळशीला पाणी घालायला जायचं, ही आमच्याकडची रीत. मी विसरलेच होते. आयुष्यात एकदा डोकं आड आलं नाही, तर रीत आड आली.

"तुम्हीच घाला," मी म्हटलं.

"अहो, आईने बघू नये."

"या आईने पुष्कळ बघितलेलं नाहीये. आज मी हलणार नाही."

नणंदबाई तांब्या घेऊन गेल्या, चार बायका कुजबुजल्या. मी केतकीच्या डाव्या हाताला, तिच्या शालूचा काठ माझ्या साडीला लागेल इतकी जवळ उभी राहिले. अंतरपाट धरला. केतकी मान खाली घालून उभी होती. शेवटचं मंगलाष्टक सुरू झालं आणि तिने मान वर केली. नवऱ्या मुलाकडे नव्हे, तो पडद्यामागे होता. तिने हॉलभर पाहिलं. पहिली रांग, मधल्या रांगा, मग थेट दारापर्यंत. दाराशी तिची नजर थांबली. मला माहीत होतं ती काय शोधतेय. मी हात वर केला. तेव्हा तिचं माझ्याकडे लक्ष गेलं आणि ती हसली, फार गोड हसली, पण ते नंतर.

चौथ्या दिवशी मी उलव्याला गेले. जिकडेतिकडे क्रेन, डंपर, जमिनीत खांब ठोकायचा आवाज. बेबीताई खिडकीशी पलंगावर होती, निम्मी झालेली. मला बघताच सुनेला म्हणाली, "आधी खिडकी लाव. वयनीला डोकं येल."

मी पलंगाशी जमिनीवर बसले, पाठ भिंतीला लावून. आणि तिने न विचारता सांगायला लागले, फाटकापासून. कोण कसं नटलं होतं, कोणाच्या जिलब्या कमी पडल्या, भटजींचा चष्मा कसा अंतरपाटात अडकला. ती डोळे मिटून ऐकत होती. तुळशीच्या पाण्याचं सांगितलं तेव्हा तिने डोळे उघडले.

"गेली नाय तू? शाबास!" आणि मग मला वाटत होतं ते आलंच. "मंग? पोरीनं पयलं कोनाला शोधलं?"

सगळ्या रस्ताभर मी याचीच तयारी करत होते. मला, असं म्हणायचं होतं. कोणाला कळणार होतं? एक शब्द, आणि तो दिवस माझा. मी तिच्या हाताकडे पाहिलं. हिरव्या बांगड्या आता मनगटावरून कोपरापर्यंत घसरत होत्या.

"तुम्हाला," मी म्हटलं. "या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितलं. तुम्ही नाही दिसलात. मग मी हात केला."

 बेबीताई हसायला लागली. इतकी हसली की दुखऱ्या खुब्याला हात लावून कण्हली आणि तरी हसत राहिली.

"खोटारडी! माजीच गोष्ट मला सांगतेस व्हय गो? एवडी वरसं मी तुला तेच सांगितलं, नि आज तू मला?" तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, ते हसण्याचंच असेल. "असूं दे, असूं दे. बरं वाटलं गो. तुला पन असंच बरं वाटायचं काय?"

"हो," मी म्हटलं.

आता फक्त एवढंच सांगायचं होतं, की नाही हो बेबीताई, हे खरं आहे, तुमच्यासारखं रचलेलं नाही, माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. वाक्य तोंडाशी आलं होतं. सुनेने चहा आणला. मी चहा प्याले. उठले.

दारात चपला घालताना मागे वळून पाहिलं. ती निरोपाचा हात हलवत होती, आणि दुसऱ्या हाताने त्या हातातल्या बांगड्या तिने घट्ट धरल्या होत्या, वाजू नयेत म्हणून. दारापासून पलंग सहा पावलं असेल. डोकं अगदी शांत होतं. मी परत जाऊन सांगू शकले असते. मी चपला घातल्या आणि लिफ्टचं बटण दाबलं.